बांधण्याआधी बांधून पाहणारी प्रयोगशाळा

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. पैसा किती लागतो, माणसे किती खेटे घालायला लावतात आणि मनात योजलेले शेवटी कसे भलतेच होऊन बसते, हे बांधल्यावाचून कळत नाही, असा या म्हणीचा रोख आहे. परंतु ही म्हण शब्दशः खरी मानून चालणारे एक विद्यापीठ जगात आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठात इमारतीचा आराखडा कागदावर काढून कोणी थांबत नाही. ती इमारत आधी दोरा, साखळी, साबणाचे पाणी यांत पाहायची, मग संगणकात पाहायची, आणि शेवटी तिचा एखादा भाग किंवा लहानसा मंडप प्रत्यक्ष आकारात उभा करून पाहायचा, असा तेथील साठ वर्षांचा परिपाठ आहे.

प्रयोगशाळा हा शब्द उच्चारला की आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना शाळेतील परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा आठवतो. घरे आणि छपरे यांचीही प्रयोगशाळा असू शकते, ही कल्पनाच मला नवी होती. मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी नाही. स्टुटगार्टला मी गेलेले नाही आणि जाण्याचा योग येईल असेही वाटत नाही. जे लिहिते आहे ते ग्रंथालयात वाचून, प्राध्यापकांना विचारून आणि मोबाईलवर तेथील चित्रफिती पाहून. मग हा विषय घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. माझे वडील गवंडी आहेत, हे त्याचे कारण. विटेवर वीट कशी उभी राहते हा आमच्या घरी पोटाचा प्रश्न आहे. तोच प्रश्न दूरदेशीच्या एका विद्यापीठात मोठमोठे प्राध्यापक डोके खाजवीत सोडवीत बसतात, हे वाचले तेव्हा मला राहवले नाही.

प्रतिकृती कशासाठी?

इमारतीची लहान प्रतिकृती आपण सर्वांनी पाहिली आहे. घरे विकणाऱ्यांच्या कचेरीत काचेच्या पेटीत ती ठेवलेली असते. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती, हिरव्या स्पंजाची झाडे आणि अंगठ्याएवढी मोटार. ही प्रतिकृती गिऱ्हाइकासाठी असते. इमारत कशी दिसेल हे ती सांगते. ती उभी राहील की नाही, हे मात्र सांगत नाही.

का सांगत नाही, याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे. समजा, एक प्रतिकृती प्रत्यक्ष इमारतीच्या शंभराव्या हिश्शाएवढी आहे. तीच इमारत शंभरपट मोठी केली तर खांबाची जाडी एका बाजूने शंभरपट आणि दुसऱ्या बाजूनेही शंभरपट वाढेल, म्हणजे त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १०,००० पट होईल. पण वजन लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी वाढते. ते १०,००,००० पट होईल. म्हणजे खांबाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या शंभरपट भार येईल. पुठ्ठ्याचे घर खुशाल उभे राहते म्हणून तसेच मोठे घर उभे राहील, असे मानता येत नाही ते यामुळे. मुंगीचे काडीसारखे पाय हत्तीला लावले तर तो जागच्या जागी बसेल.

मग प्रतिकृती निरुपयोगीच म्हणायची काय? नाही. काही गोष्टी आकार बदलला तरी बदलत नाहीत, आणि त्या हुडकून काढणे हीच या प्रयोगशाळेची खरी विद्या आहे.

लग्नाच्या मांडवात दोन खांबांच्या मध्ये बांधलेली तोरणाची दोरी पाहा. ती आपल्या वजनाने खाली एक झोकदार वळण घेते. दोरी वीतभर असो की वीस हात असो, दोन्ही टोके त्याच प्रमाणात ठेवली तर वळण तेच राहते. त्या वळणात दोरीच्या प्रत्येक भागावर फक्त ताण असतो. दोरीला दाब सोसताच येत नाही, वाकण्याला विरोध करता येत नाही, म्हणून जिथे केवळ ताण आहे असाच आकार ती आपोआप शोधून घेते. आता हे वळण आहे तसे थिजले आणि आपण ते उलटे उभे केले अशी कल्पना करा. ताणाच्या जागी सर्वत्र दाब येईल. दगड आणि वीट यांना ताण सोसत नाही, पण दाब उत्तम सोसतो. अर्थात उलटी केलेली दोरी म्हणजे विटेची नामी कमान! ही गोष्ट इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६७५ साली जाहीर केली, तीही अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात. आपला शोध दुसऱ्याने पळवू नये, अशी त्या काळच्या विद्वानांचीही काळजी असे.

पुढे स्पेनमधील अंतोनी गौदी या वास्तुकाराने बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी दोरे आणि शिशाच्या छऱ्यांनी भरलेल्या लहान लहान पिशव्या टांगून एक मोठी प्रतिकृती केली. तिच्यावर सुमारे दहा वर्षे खर्ची पडली. तिचे फोटो घ्यायचे, ते उलटे धरायचे आणि त्यांवर इमारत रंगवायची, अशी त्याची पद्धत होती. ते चर्च पुरे झाले नाही. त्याचा खालचा भाग तेवढा बांधला गेला. पण दोऱ्यांनी गणित सोडवता येते हे जगाला दिसले.

साबणाचा पापुद्रा

या विद्येला विद्यापीठात कायमची जागा मिळाली ती १९६४ साली. त्या वर्षी स्टुटगार्टला हलक्या बांधकामांचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन झाली आणि फ्राय ऑटो हे तिचे प्रमुख झाले. १९२५ साली जन्मलेले ऑटो दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. युद्ध संपता संपता ते पकडले गेले आणि फ्रान्समधील शार्त्र गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी छावणीचा वास्तुकार म्हणून काम केले. तेथे सामान मिळत नव्हते. हाताला लागेल त्यातून, आणि तेही कमीत कमी वापरून, निवारा उभा करायचा हा धडा त्यांना तेथे मिळाला आणि तो त्यांनी जन्मभर गिरवला.

ऑटो यांना तंबूसारखी छपरे करायची होती. तंबूच्या कापडाचा आकार चुकला की एका जागी ते ढिले पडते आणि दुसऱ्या जागी ताणून फाटते. मग बरोबर आकार कोणता? त्यासाठी त्यांनी लहान मुलांच्या खेळातला साबण घेतला. तारेची चौकट वाकवून साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि अलगद वर काढायची. चौकटीत एक पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा सतत आक्रसू पाहत असतो, आणि त्या चौकटीत जे कमीत कमी पृष्ठफळ शक्य असेल ते घेऊन तो स्थिर होतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर चोहोबाजूंनी सारखा ताण असतो. त्या आकाराचे कापड शिवले तर त्याला कोठे सुरकुती पडणार नाही की कोठे जादा ओढ बसणार नाही. जे गणित कागदावर मांडताना भल्याभल्यांना घाम फुटतो, ते साबणाचे पाणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सोडवून मोकळे होते!

पापुद्रा फुटण्यापूर्वी त्याचे माप घेणे हा खरा प्रश्न होता. त्यासाठी ऑटो यांच्या संस्थेने एक खास यंत्र तयार केले. त्यात समांतर प्रकाशझोत टाकून पापुद्र्याचा फोटो घेत आणि त्या फोटोवरून त्याचे वळण मोजत.

१९६७ साली कॅनडात माँट्रियल येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात पश्चिम जर्मनीचा मंडप रॉल्फ गुटब्रोड आणि ऑटो यांनी पोलादी तारांच्या जाळीचा केला. तो करण्याआधी त्याचा एक तुकडा प्रत्यक्ष आकारात स्टुटगार्टला उभारून पाहिला होता. प्रयोग संपल्यावर तो मोडून भंगारात न घालता त्यावर आच्छादन घालून संस्थेने आपलीच इमारत केली. आपल्या प्रयोगाच्या छपराखाली बसून पुढचे प्रयोग करायचे, हा त्या मंडळींचा थाट होता.

तार, फोटो आणि संगणक

या प्रयोगशाळेची खरी कसोटी म्युनिक शहरात १९७२ साली झालेल्या ऑलिंपिकच्या वेळी लागली. गुंटर बेहनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैदान, क्रीडागृह आणि तरणतलाव यांवर एकच अखंड लहरते छप्पर कल्पिले होते. ते सुमारे ७५ हजार चौरस मीटरांचे होते. आपल्या हिशेबात सांगायचे तर साडेअठरा एकरांचे! त्याखाली पोलादी तारांची जाळी, वर पारदर्शक ॲक्रिलिकचे पत्रे. असे छप्पर पूर्वी कोणी केले नव्हते, म्हणून ऑटो यांना बोलावले गेले.

ऑटो यांच्या माणसांनी बारीक तारांची प्रतिकृती विणली. तिचे प्रमाण १ : १२५ होते. तिचे फोटो घेऊन, त्यांवरून प्रत्येक तारेची लांबी काढून, ती साइटवर कापायची, असा बेत होता. पण येथे मोजमापाची अडचण उभी राहिली. प्रतिकृतीत एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली, तर प्रत्यक्षात ती साडेबारा मिलिमीटर होते. एका तारेपुरती ती चालेल. पण जाळीत हजारो गाठी असतात आणि एका तारेची चूक शेजारच्या तारेला ओढते.

तेव्हा त्याच विद्यापीठातील दुसऱ्या खात्यांची माणसे मदतीस आली. क्लाउस लिंकविट्झ हे जमीनमोजणीच्या शास्त्राचे प्राध्यापक आणि जॉन आर्गिरिस हे विमानांच्या सांगाड्यांचे गणित करणारे. त्यांनी विचार केला तो असा : जाळीच्या प्रत्येक गाठीला चार बाजूंनी तारा ओढतात, गाठ स्थिर आहे याचा अर्थ ही सगळी ओढ एकमेकींना तोलून धरते. प्रत्येक गाठीसाठी अशी समीकरणे मांडायची आणि सगळी एकदम संगणकाकडून सोडवून घ्यायची. संगणकात आता तारांची नव्हे, आकड्यांची प्रतिकृती तयार झाली. ज्याला आज सर्रास 'डिजिटल मॉडेल' म्हणतात त्याच्या उगमस्थानांपैकी हे एक. ते कोणाच्या हौसेतून जन्मले नाही. तारा बरोबर मापाच्या कापता याव्यात या साइटवरच्या गरजेतून ते जन्मले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संगणक आला म्हणून तारेची प्रतिकृती वाया गेली नाही. आकार कसा असावा हे तारेने सांगितले होते. तो किती असावा हे संगणकाने सांगितले. पुढे १९७५ साली मानहाइम येथे ऑटो यांनी लाकडी पट्ट्यांच्या जाळीचे एक विस्तीर्ण छप्पर करवून घेतले, तेव्हाही आधी साखळ्यांची जाळी उलटी टांगून आकार शोधला, नंतर इंजिनिअरांनी संगणकावर हिशेब केला, आणि तेवढ्यावर न विसंबता तयार छपराखाली पाण्याने भरलेले कचऱ्याचे डबे टांगून ते किती खाली येते हे मोजून पाहिले. हात, गणित आणि पुन्हा हात! फ्राय ऑटो ९ मार्च २०१५ रोजी वारले. वास्तुकलेतील सर्वोच्च समजले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक त्यांना जाहीर झाले ते दुसऱ्याच दिवशी.

यंत्राचा हात

२००८ साली त्याच विद्यापीठात संगणकाधारित वास्तुरचनेची एक नवी संस्था निघाली. तिचे प्रमुख आखिम मेंगेस. ही संस्था ऑटो यांच्या संस्थेहून वेगळी आहे, पण प्रश्न विचारण्याची रीत मात्र त्याच घराण्यातली. बांधकामांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या यान क्निपर्स यांच्या संस्थेबरोबर तिने २०१० पासून विद्यार्थ्यांच्या हातून अनेक मंडप उभे केले.

येथे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. प्रथम एखाद्या पदार्थाचा स्वभाव तपासायचा : लाकडाची पट्टी किती वाकते, कोठे तुटते, तंतू किती ओढ सोसतो. हा स्वभाव नियमांच्या रूपाने संगणकाला सांगायचा. त्या नियमांत बसतील असेच आकार संगणक पुढे ठेवतो. त्यातून एक निवडला की त्याच्या प्रत्येक तुकड्याची मापे थेट यंत्रहस्ताकडे जातात. यंत्रहस्त म्हणजे मोटारींच्या कारखान्यात असतो तसा सांध्यासांध्यांत वळणारा लोखंडी हात. तो तुकडे कापतो किंवा तंतू गुंडाळतो. मग विद्यार्थी ते तुकडे जोडून मंडप उभा करतात, आणि संगणकाने सांगितले तसे घडले की नाही हे पडताळतात.

यंत्रहस्ताचा फायदा कोणता? कारखान्यात एकच साचा करून त्यातून हजार सारखे नग काढणे स्वस्त पडते. प्रत्येक नग वेगळा हवा असेल तर साचा परवडत नाही. यंत्रहस्ताला साचाच लागत नाही. हजार तुकडे सारखे असोत की हजार तऱ्हांचे असोत, त्याला सारखेच. २०१० च्या मंडपात बर्च लाकडाच्या साडेसहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या पट्ट्या वाकवून एकमेकींत अडकवल्या होत्या, आणि त्यात पाचशेहून अधिक वेगवेगळ्या मापांचे भाग होते. वाकलेली पट्टी सरळ होऊ पाहते. तिची ती धडपडच मंडपाला ताठ ठेवीत होती. २०१४ साली श्वेबिश ग्म्युंड या गावी बीच लाकडाच्या ५० मिलिमीटर जाडीच्या २४३ फळ्यांचे एक कवचासारखे सभागृह उभे राहिले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे ७,६०० सांधे त्यात आहेत. कापताना उरलेले लाकूड त्याच सभागृहाच्या जमिनीला वापरले.

निसर्गाकडे पाहण्याची सवयही ऑटो यांच्यापासूनचीच. १९६१ सालीच बर्लिनमध्ये योहान-गेर्हार्ड हेल्मके या जीवशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सजीवांच्या सांगाड्यांचा अभ्यास सुरू केला होता. तोच धागा धरून २०१३-१४ च्या मंडपात भुंगेऱ्याच्या पंखांवरील टणक झाकणाची रचना उचलली. काचेचे आणि कार्बनचे तंतू गुंडाळून केलेल्या ३६ भागांचा, ५० चौरस मीटर जागा झाकणारा तो मंडप ५९३ किलो वजनाचा होता. म्हणजे धान्याची सहा क्विंटल पोतीही त्याहून जड भरतील!

मला स्वतःला सर्वांत आवडले ते उर्बाख गावाजवळ २०१९ साली उभारलेले १४ मीटर उंचीचे लाकडी मनोऱ्याचे काम. ओले लाकूड सुकताना वाकते हे सुतारकाम करणारा कोणीही जाणतो, आणि तो दोष मानतो. या मंडळींनी तोच दोष कामाला लावला. लाकडाचे थर अशा तऱ्हेने चिकटवले की सुकताना फळ्या हव्या तितक्या आपसूक वळाव्यात. वाकवणारे यंत्र नाही, साचा नाही. अशा वळलेल्या १२ मोठ्या भागांचा तो मनोरा आहे.

एका गवंड्याची शंका

या प्रयोगशाळेची एक चित्रफीत मी घरी वडिलांना दाखवली. यंत्रहस्त न थकता, न चुकता फळ्या कापीत होता. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "हात चांगला बसलाय ह्याचा. पण एका भट्टीतली वीट दुसरीसारखी नसती. आमच्या हाताला ते कळतं. ह्याला कसं कळायचं?"

ही शंका अडाण्याची आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने पुढील हकीकत वाचावी. २०१४-१५ साली स्टुटगार्टमध्ये पाणकोळ्याच्या घरट्यावरून एक मंडप रचला गेला. हा कोळी पाण्याखाली हवेचा बुडबुडा धरतो आणि आतून जाळे विणून तो मजबूत करतो. त्याप्रमाणे पारदर्शक प्लॅस्टिकचा एक प्रचंड फुगा फुगवून आत यंत्रहस्त ठेवला आणि त्याने आतल्या बाजूने कार्बनचे तंतू चिकटवावेत अशी योजना केली. पण फुगा तो फुगा. यंत्राने तंतू दाबला की तो मागे सरे, हवेचा दाब बदलला की त्याचा आकार बदले. संगणकातील मापे आणि समोरचा फुगा यांचा मेळ बसेना. तेव्हा यंत्राच्या टोकाला दाब मोजणारे साधन बसवले. फुगा किती रेटा देतो हे त्या त्या क्षणी मोजून यंत्र आपली चाल बदलू लागले. म्हणजे माझ्या वडिलांनी जी शंका घेतली, तीच त्या विद्यापीठाच्या संशोधनाचा विषय होती! गवंड्याच्या बोटांना जे कळते ते यंत्राला शिकवण्यासाठी तेथे प्राध्यापक, इंजिनिअर आणि विद्यार्थी दिवसरात्र खपले.

मला या सगळ्यातून जे म्हणायचे आहे ते हेच. हाताला कळते ते ज्ञानच असते. स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेने त्याला ज्ञान म्हटले, त्याची मापे घेतली, त्यावर प्रबंध लिहिले. आपण त्याला काय म्हणतो? महाविद्यालयात प्रवेश घेताना एका अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'गवंडी' लिहिले. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी ते खोडून 'मजुरी' असे लिहिले आणि अर्ज पुढे सरकवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. यादीत तेवढाच शब्द होता. परंतु ओळंबा धरून भिंत सरळ नेणारा, पाण्याच्या नळीने पातळी काढणारा, कमानीखालचा साचा कोणत्या दिवशी काढायचा हे ठरवणारा माणूस आणि केवळ घमेली वाहणारा माणूस यांच्यात जर आपल्या यादीला फरक दिसत नसेल, तर ती यादी कच्ची आहे. घमेली वाहणाऱ्याला कमी लेखायचे नाही. माझी आईही तेच काम करते, आणि कोणत्या मालाला किती पाणी लागते हे तिला विचारावे.

येथे कोणी म्हणेल, हे ज्ञान यंत्राला शिकवले म्हणजे शिकवणाऱ्याचीच भाकरी गेली. ही भीती खोटी नाही. २४३ फळ्या यंत्राने कापल्या, तेव्हा तेवढ्या फळ्या कापणारे हात रिकामे राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. त्या फळ्या उभारायला माणसेच लागली हेही तितकेच खरे. पण यंत्र आपल्या बांधकामांवर येईल तेव्हा त्याच्यामागे कोण उभे असेल, हे आजच ठरत आहे. ज्याला लाकडाचा आणि विटेचा स्वभाव ठाऊक आहे त्याच्या मुलांना प्रयोगशाळेचे दार उघडे असेल, तर यंत्रामागे तीही उभी राहतील. दार बंद असेल तर त्यांच्या वाट्याला पुन्हा घमेलेच येईल, आणि पुढे कदाचित तेही नाही.

आपल्याकडे काय?

हे सारे श्रीमंत देशाचे खेळ, आपल्याला त्यांचा काय उपयोग, असे म्हणून सुटता येणार नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचे, ही त्यांची पद्धत. लोखंडी सांगाड्याचे घुमटाकार 'पाबळ डोम' हे घर त्याच आश्रमाचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने संगणकावरून वस्तू घडवणाऱ्या छोट्या प्रयोगशाळा जगभर सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ साली पाबळला आली. मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयाआधी ती एका दुष्काळी पट्ट्यातल्या खेड्यात आली, आणि ते योग्यच झाले, कारण हाताने विचार करणारी मुले तेथे आधीपासून होती.

आपले महाविद्यालय कला शाखेचे. यंत्रहस्त घेण्याची आपली ऐपत नाही आणि तशी मागणीही मी करीत नाही. परंतु साबण, तार, सुतळी आणि पुठ्ठा यांना फारसा खर्च येत नाही. इतिहासाच्या तासाला आपण घुमट आणि कमानी यांची नावे पाठ करतो. त्याच तासाला एक सुतळी दोन खिळ्यांना टांगून, तिचा फोटो उलटा धरून पाहिला, तर कमान का उभी राहते हे पाच मिनिटांत सर्वांना कळेल. आणि व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे वक्ते येतात, त्यांत एखादे वर्षी गावातला एखादा जुना गवंडी किंवा सुतार बोलावावा. त्याला भाषण करता येणार नाही. त्याच्यापुढे विटा, चुना आणि ओळंबा ठेवावा आणि त्याने काम करीत करीत बोलावे. आपण प्रश्न विचारावेत आणि वहीत टिपून घ्यावेत. पुढच्या वर्षीच्या अंकात ते छापता येईल.